बोलावणं आणि काम

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिका घरोघरी गेल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय, की गणपतीत हा कसला विषय काढलात? प्रश्न रास्त आहे. शिवचरित्र आहे, नाट्यगीतं आहेत, गुडघेदुखीवर डॉक्टरांचं बोलणं आहे, आणि त्यांच्या मधे संगणकातले इंटरप्ट आणि ड्रायव्हर! एका काकूंनी तर ड्रायव्हर शब्द वाचून विचारलं, की वाहतुकीच्या नियमांवर बोलणार का. तरीही समितीने विषय ठेवला, त्याबद्दल आभार.

'आम्ही' म्हणतोय ते आदरार्थी समजू नका. राज्य शासनाच्या एका खात्याच्या संगणक कक्षात आम्ही चौघे आहोत, सगळे पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, चाळिशी ओलांडलेले. बोलायला एकाला पुढे केलं आहे, पण सांगायचं ते चौघांचं आहे. आणि ते एवढंच आहे, की यंत्राला हाक आली की त्या क्षणी किती काम करायचं आणि किती मागे ठेवायचं, यावर सगळं यंत्र चालतं किंवा बसतं. हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर. यातली विभागणी बिघडली की काय होतं ते आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवशी दाराबाहेर स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी मुलं रांगेत उभी होती. ती हकीकत पुढे येईल. आधी थोडी ओळख करून घेऊ.

संगणकाच्या मध्यभागी प्रोसेसर असतो. तो एका वेळी एक काम करतो, पण भलत्याच वेगाने. आता एका चिपमध्ये चार-आठ प्रोसेसर असतात, पण प्रत्येकाची गोष्ट हीच. भोवती बाकीची मंडळी: कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड, प्रिंटर. ही त्याच्या मानाने फार संथ. तुम्ही कितीही भराभर टाइप करा, दोन अक्षरांच्या मधल्या वेळात प्रोसेसर कोट्यवधी सूचना पार पाडून मोकळा होतो. मग बटण दाबलं गेलं हे त्याला कळायचं कसं? एक वाट अशी, की त्याने दर थोड्या वेळाने स्वतः जाऊन विचारायचं, आलं का काही? याला पोलिंग म्हणतात. दुसरी वाट अशी, की त्याने आपलं काम करत राहावं आणि काही आलं की कीबोर्डने हाक मारावी. ही हाक म्हणजे इंटरप्ट.

पूर्वी यासाठी खरोखरची तार असे. अलीकडच्या कार्डांत तारेऐवजी मेमरीत लिहिलेला निरोप असतो. हाक आली, की प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, आपण कुठे होतो याची खूण ठेवतो, आणि त्या हाकेसाठी नेमलेल्या हँडलरकडे उडी मारतो. हँडलरचं काम संपलं की खुणेच्या जागी परत. ज्या प्रोग्रॅमचं काम मधेच थांबवलं, त्याला याचा पत्ताही नसतो.

१९८१च्या आयबीएम पीसीत अशा तारा आठ होत्या, आणि ८२५९ नावाची चिप त्यांचा मानपान सांभाळत असे. १९८४च्या एटी यंत्रात आणखी एक तशीच चिप आली, पण ती पहिलीच्या एका तारेवर बसवल्यामुळे हाती पंधरा तारा उरल्या. शून्य घड्याळाची, एक कीबोर्डची, चार पहिल्या सीरियल पोर्टची. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत हे हमखास विचारायचे. आम्हाला ते क्रमांक अजून पावकी-निमकीसारखे पाठ आहेत.

ही कल्पना नवी होती तेव्हा शहाणी माणसंसुद्धा घाबरली होती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये एक्स-वन नावाचं यंत्र घडत होतं. लूपस्ट्रा आणि स्कोल्टन हे त्याचे रचनाकार. त्यांनी यंत्रात इंटरप्ट घालायचं सुचवलं. त्यासाठीचे प्रोग्रॅम लिहायचे होते एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी. पुढे १९७२ साली ज्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालं ते हेच. ते ऐकून आपली घाबरगुंडी उडाली, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. तोवर यंत्राला तेच दिलं की ते तेच करायचं. चूक झाली तर पुन्हा चालवून तीच चूक बघता यायची. आता हाक कोणत्या दोन सूचनांच्या मधे येईल याचा नेम नाही. म्हणजे एखादी चूक लाखात एकदा डोकं वर काढणार आणि शोधायला गेलं की गायब. शेवटी त्या दोघांनी त्यांची स्तुती करून करून त्यांना राजी केलं. १९५९च्या त्यांच्या प्रबंधात एक्स-वनची ही व्यवस्था आलेली आहे.

आता आपल्या मंडपात या. दाराशी वर्गणीचं टेबल आहे. कार्यकर्ता एकटाच आहे आणि त्याला महाप्रसादाच्या सामानाची यादी करायची आहे. कुणी वर्गणी द्यायला आलं, की तो यादी थांबवतो, पावती फाडतो, नोट पेटीत टाकतो, "या काका, दर्शन घ्या" म्हणतो आणि यादीकडे वळतो. खतावणी, मागच्या वर्षीची बाकी, नोटा मोजणं, हे सगळं रात्री. समजा त्याने प्रत्येकाची खतावणी तिथल्या तिथेच करायची ठरवली, तर मागे रांग लागेल, काही जण कंटाळून निघून जातील, आणि यादी तांदळापुढे सरकणार नाही.

लिनक्समध्ये ड्रायव्हर लिहिताना हीच विभागणी करतात. पावती फाडणं म्हणजे वरचा अर्धा भाग, टॉप हाफ. रात्रीची खतावणी म्हणजे खालचा अर्धा भाग, बॉटम हाफ. वरच्या भागाने उपकरणाला विचारायचं, हाक तूच मारलीस ना? उपकरणाच्या आत छोट्या नोंदवह्या असतात, त्यांनाही रजिस्टरच म्हणतात. सरकारी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. त्यातली नोंद बघायची, जे लगेच उचललं नाही तर हरवेल तेवढं उचलायचं, उपकरणाला पोच द्यायची, उरलेलं काम खालच्या भागाच्या नावावर लावायचं आणि बाहेर पडायचं. सगळं मिळून काही मायक्रोसेकंद. खालच्या भागाचे प्रकार पुष्कळ आहेत, सॉफ्टआयआरक्यू, टास्कलेट, वर्कक्यू, आणि २००९पासून हँडलरलाच स्वतंत्र धागा देण्याची सोयही आहे. त्यांच्या जाती-पोटजातींत आज शिरत नाही.

पोच देणं विसरलं तर काय होतं, ते मात्र सांगतो. बऱ्याच तारांवरची हाक एकदा टकटक केल्यासारखी नसते. बेलवर बोट ठेवून उभं राहिल्यासारखी असते. दार उघडून "मिळालं हो" म्हणेपर्यंत बोट निघत नाही. हँडलरने काम केलं पण पोच दिली नाही, तर तो परतल्याच्या क्षणी तीच हाक पुन्हा. मग पुन्हा. यंत्र त्या एका दारातून बाहेरच पडत नाही.

"हरवेल तेवढं उचलायचं" म्हणजे किती, हे उपकरणावर अवलंबून आहे. सीरियल पोर्टचं बघा. जुन्या ८२५० चिपमध्ये आलेलं एकच अक्षर मावायचं. ९६०० बॉडच्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे साधारण एका मिलिसेकंदात पुढचं अक्षर दारात. तेवढ्यात आधीचं उचललं नाही, तर नवं त्याच्यावर लिहिलं जाणार. १,१५,२०० बॉडला हीच सवड ८७ मायक्रोसेकंदांवर येते. गॅसवरचं दूध आणि दारातली बेल एकदमच, अशी अवस्था. पुढे १६५५०ए चिप आली, तिच्यात सोळा अक्षरांची जागा होती. पातेलं मोठं झालं इतकंच, दूध वर येणं थांबलं नाही. आजही अनेक वजनकाटे सीरियल तारेवरूनच वजन पाठवतात. ट्रॉलीच्या वजनातला एक आकडा वाटेत गळला, तर शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा बदलतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ते ट्रॉलीवाले कधी दिसत नाहीत.

डाइक्स्ट्रांना जिची धास्ती होती, ती चूक आता दाखवतो. टेबलावर एक पाटी आहे, तिच्यावर आजची एकूण रक्कम लिहायची. पाटीवर ५००० आहेत. कार्यकर्त्याने ५००० वाचले, त्यात ५१ मिळवायला घेतले, तेवढ्यात दुसरी हाक. तिकडे जाऊन त्याने १०१ घेतले, पाटीवर ५१०१ लिहिले, आणि परत येऊन मनातला जुना हिशेब पुरा करून ५०५१ लिहिले. एकशे एक रुपये गेले. पेटीत आहेत, पाटीवर नाहीत. उद्या हेच करून बघा, होणार नाही, कारण तेवढ्या निमिषात दुसरा माणूस येणार नाही.

यावर उपाय लॉकचा, म्हणजे किल्लीचा. ज्याच्या हाती किल्ली तोच पाटीला हात लावणार. पण त्यातही मेख आहे. किल्ली घेऊन लिहीत असलेल्या माणसालाच हाक आली, आणि त्या हाकेचं काम करायलाही तीच किल्ली लागत असली तर? नियम सांगतो, किल्ली ज्याच्याकडे आहे तो परत देईपर्यंत थांबा. ती तर त्याच्याच कमरेला आहे. तो स्वतःची वाट बघत बसणार, कायमचा. म्हणून लिनक्समध्ये अशा ठिकाणी किल्ली घेण्याआधी त्या प्रोसेसरवरच्या हाका बंद करतात आणि किल्ली ठेवल्यावर पुन्हा सुरू करतात. आरती चालू असताना आपण वर्गणी घेत नाही, तसंच. मात्र ही आरती आखूडच हवी. आणि याच कारणाने वरच्या भागाला झोपायची मुभा नाही, म्हणजे डिस्कवरून काही येईपर्यंत थांबणं, मेमरी मिळेपर्यंत ताटकळणं, असलं काहीही त्याने करायचं नाही. तो दुसऱ्याच्या उसन्या वेळेवर चालतो.

आणखी एक अडचण जुन्या वाड्यात राहिलेल्यांना लगेच कळेल. राजवाड्याच्या मागच्या बाजूला आपल्यातल्या कित्येकांची बिऱ्हाडं होती. वाड्याची कडी एक, बिऱ्हाडं सहा. कडी वाजली की प्रत्येकाने बघायचं, पाहुणा आपला आहे का. तारा पंधरा आणि कार्डं जास्त झाली तेव्हा एका तारेवर दोन-तीन उपकरणं बसवावी लागली. हाक आली की कर्नेल त्या तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतं, आणि ड्रायव्हरने प्रामाणिकपणे 'माझी' किंवा 'माझी नाही' असं सांगायचं असतं. सगळ्यांनीच 'माझी नाही' म्हटलं तर कडी वाजतच राहते. मग कर्नेल मोजायला बसतं. एक लाख हाकांपैकी ९९,९००हून जास्त हाकांना कुणीच दाद दिली नाही, तर ते ती तार बंद करून टाकतं आणि नोंदीत लिहितं, 'नोबडी केअर्ड'. सरकारी दप्तरातसुद्धा इतका स्पष्ट शेरा आम्ही वाचलेला नाही. पण तार बंद झाली की त्याच तारेवरच्या निर्दोष बिऱ्हाडांचेही पाहुणे बंद होतात, हे लक्षात असू द्या.

आता ती हकीकत. बरीच वर्षं झाली, आम्हा चौघांपैकी दोघेच तेव्हा होतो. स्कॉलरशिपच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. सहा खिडक्यांवर ऑपरेटर माहिती भरत होते, मधल्या खोलीत सर्व्हर. दुपारी दीडच्या सुमारास सहाही पडदे गोठले. सर्व्हरपाशी गेलो तर पंखे चालू, दिवे चालू, पण कीबोर्डला दाद नाही. साहेबांचं म्हणणं, यंत्र जुनं झालं, नव्याची मागणी टाका. मागणी टाकायला हरकत नव्हती, पण नवं यंत्र यायला चार महिने, आणि बाहेरच्या मुलांकडे चार तास. मुदत वाढवणं आमच्या हातात नव्हतं. रांगेत सावेरहून आलेली मुलं होती, त्यांची परतीची बस संध्याकाळची.

आमच्यातल्या एकाने नेटवर्क कार्डाकडे पाहिलं. एरवी लुकलुकणारा दिवा लागूनच राहिला होता. त्याने तार उपसली. सेकंदभरात पडद्यावर आम्ही आधी बडवलेली सगळी अक्षरं धडाधड उमटली! म्हणजे यंत्र मेलेलं नव्हतं. कीबोर्डची हाक त्याला पोचत होती, अक्षरं साठतही होती. ती पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची पाळीच येत नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं, की रंगकाम चाललेल्या एका खोलीत कुणीतरी लोंबकळणाऱ्या तारेचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. त्यामुळे सगळ्यांसाठी असलेला एक निरोप गोल गोल फिरत बसला आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक यंत्राचं दार वाजवत राहिला. शंभर मेगाबिटच्या तारेवर सगळ्यात छोटी पाकिटं सेकंदाला १,४८,८०० मावतात, म्हणजे दर पावणेसात मायक्रोसेकंदांना एक हाक. आमचं यंत्र एका प्रोसेसरचं. ते मन लावून फक्त पावत्या फाडत होतं. ते टोक काढलं, यंत्र पुन्हा सुरूसुद्धा करावं लागलं नाही, आणि रात्री साडेआठपर्यंत सगळे फॉर्म चढले. सावेरच्या मुलांना खिडकीवर आधी घेतलं.

या दुखण्याला नाव आहे, रिसीव्ह लाइव्हलॉक. १९९६ साली अमेरिकेत युझनिक्सच्या परिषदेत जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी यावर निबंध मांडला. त्यांनी एक युनिक्स यंत्र दोन जाळ्यांच्या मधे ठेवलं. आलेलं पाकीट तपासून पुढे पाठवणं हे त्याचं काम. सेकंदाला दोन हजार पाकिटांपर्यंत ठीक चाललं. त्यापुढे पाकिटं वाढतील तसं काम कमी होत गेलं, आणि सुमारे सहा हजारांपाशी पलीकडे एकही पाकीट निघेना. दहा मेगाबिटची साधी तारदेखील १४,८८० पाकिटं आणू शकते, म्हणजे यंत्र मुकं करायला कुणी दुष्ट लागत नाही. कारण काय? प्रत्येक पाकिटाला वरचा भाग सर्वांत आधी उचलतो, रांगेत ठेवतो, रांगेतून पुढे नेणाऱ्याची पाळी येत नाही, रांग भरते, पाकीट फेकलं जातं, आणि तेही एवढी मेहनत केल्यावर. पाहुण्याला स्टेशनवरून रिक्षाने आणायचं, पायांवर पाणी घालायचं, आणि मग जागा नाही म्हणून उंबऱ्यावरून परत पाठवायचं. परतच पाठवायचं होतं तर स्टेशनवरच सांगायचं.

त्यांचा उपाय अगदी हाच आहे. पहिली हाक आली की कार्डाला सांगायचं, आता हाक मारू नकोस, आम्ही येऊन बघू. मग सवडीने जायचं, ठरावीक पाकिटं उचलायची, दुसऱ्या कामांना पाळी द्यायची, पुन्हा जायचं. पाकिटं संपली की हाका पुन्हा चालू. मधल्या काळात जास्तीची पाकिटं आली तर ती कार्डाच्या दारातच गळतात, प्रोसेसरचा एक क्षणही न खाता. २००१ साली सलीम, ओल्सन आणि कुझनेत्सोव यांनी हीच पद्धत लिनक्ससाठी मांडली. तिचं नाव नॅपी, म्हणजे नवी एपीआय. वीस वर्षं उलटली तरी ती नवीच, आपल्याकडच्या 'नव्या वाड्या'सारखी. एका फेरीत एका कार्डाची चौसष्ट पाकिटं, हा तिचा नेहमीचा हिशेब.

आमच्या सर्व्हरवरचं कर्नेल याच्या आधीचं होतं. पुढे नवं घातलं, आणि एका रविवारी रिकाम्या ऑफिसात मुद्दाम तसाच फास तयार करून पाहिला. जाळं तुंबलंच, ते तुंबणारच, पण कीबोर्ड चालत होता, डिस्क चालत होती, आणि काय बिघडलंय ते नोंदीत वाचता येत होतं. मागवलेला नवा सर्व्हरही यथावकाश आला. दुप्पट वेगाचा होता. जुन्या पद्धतीने तोही गुदमरलाच असता, थोड्या जास्त वेगाने. खर्चाच्या फाइलवर ही गोष्ट कुठे येत नाही.

मुलांसाठी एक सांगतो. घरी लिनक्स असेल तर प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाइल उघडा. प्रत्येक हाकेची मोजदाद तिथे आहे. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डची ओळ बहुधा एक क्रमांकाची असते. एक बटण दाबून फाइल पुन्हा उघडा. दाबताना एक आणि सोडताना एक, असे आकडे वाढलेले दिसतील. ऑनलाइन क्लासमध्ये दुकानांची अ‍ॅप करायला सगळेच शिकवतात. ही खालची मजल्याची खोली फार थोडे जण उघडतात, आणि आमच्या मते खरी मजा तिथे आहे.

बसण्याआधी, समितीतल्या एका मुलीने तालमीच्या वेळी विचारलेला प्रश्न. जाऊन बघणंच बरं असेल, तर हाका काढूनच का टाकत नाहीत? गर्दी असेल तिथे काही जण तसंच करतात. फार वेगवान नेटवर्कवर एक प्रोसेसर फक्त बघत राहायलाच नेमतात. पण बघत राहणाऱ्याला झोपता येत नाही. तुमच्या खिशातला फोन या क्षणी बहुतेक वेळ झोपलेला आहे. घड्याळाची, रेडिओची किंवा तुमच्या बोटाची हाक आली की तो उठतो, चार कामं करतो आणि पुन्हा झोपतो. त्याने सतत उठून बघायचं ठरवलं, तर सकाळची चार्ज केलेली बॅटरी जेवणापर्यंतही पुरायची नाही. गर्दीत जाऊन बघायचं, शांततेत हाकेची वाट बघायची, आणि एकीकडून दुसरीकडे कधी वळायचं ते ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ठरवायचं. हा आकडा कामागणिक बदलतो, आणि तो मोजूनच काढावा लागतो.